अडतीस की बत्तीस? जीवशास्त्राचा अभ्यास आणि इंटरनेटवरची माहिती

परीक्षा आणि प्रकल्पांचे दिवस जवळ आले की या सदराकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत एकच अडचण असते: माहिती ढीगभर मिळते, पण त्यातली कोणती धरावी ते कळत नाही. त्यांतली सात पत्रे इथे घेतली आहेत. वेबसाइटची लांबलचक यादी मुद्दाम दिलेली नाही, कारण ती वर्षभरात शिळी होते. त्याऐवजी हातातली एखादी माहिती कशी तपासायची ते प्रत्येक उत्तरात दाखवले आहे.

प्रश्न : मी नीटची तयारी करते. ग्लुकोजच्या एका रेणूपासून किती एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात ते शोधले, तर कुठे ३८, कुठे ३६, कुठे ३२ आणि कुठे ३० असे उत्तर आले. सगळ्या वेबसाइट नावाजलेल्या आहेत. खरे कोणाचे मानायचे? (बारावी, लातूर)

चारही आकड्यांमागे खरा हिशेब आहे, म्हणून आधी तोच मांडू. ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोजपासून पायरुव्हेट होण्याच्या टप्प्यात, निव्वळ २ एटीपी आणि २ एनएडीएच मिळतात. पायरुव्हेटपासून ॲसिटिल को-ए होताना २ एनएडीएच मिळतात. क्रेब्ज चक्रात ६ एनएडीएच, २ एफएडीएच-२ आणि २ एटीपी (किंवा जीटीपी) मिळतात. एकूण झाले १० एनएडीएच, २ एफएडीएच-२ आणि थेट तयार झालेले ४ एटीपी. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. फरक पडतो तो पुढच्या गुणाकारात, म्हणजे इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या एका एनएडीएच किंवा एफएडीएच-२ मागे किती एटीपी धरायचे यात.

जुन्या पद्धतीत एका एनएडीएचचे ३ आणि एका एफएडीएच-२ चे २ एटीपी धरत. ३० अधिक ४ अधिक ४, म्हणजे ३८. पण ग्लायकोलिसिसमधले २ एनएडीएच पेशीद्रवात तयार होतात आणि तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलातून ते स्वतः आत जाऊ शकत नाहीत. त्यांचे इलेक्ट्रॉन शटलमार्फत, म्हणजे ने-आण करणाऱ्या रेणूंमार्फत, आत पोचतात. ती शटल ग्लिसरॉल फॉस्फेटची असेल तर इलेक्ट्रॉन एफएडीकडे जातात आणि तीनाऐवजी दोनच एटीपी हाती लागतात. दोन रेणूंमागे दोन कमी, म्हणून ३६.

पुढे प्रोटॉनचा हिशेब नीट मोजता आला. एका एनएडीएचमागे साधारण १० प्रोटॉन बाहेर ढकलले जातात, एफएडीएच-२ मागे ६. एक एटीपी तयार होऊन तंतुकणिकेबाहेर येईपर्यंत साधारण ४ प्रोटॉन खर्च होतात. त्यामुळे ३ आणि २ हे गुणक बदलून अडीच आणि दीड झाले. २५ अधिक ३ अधिक ४, म्हणजे ३२, आणि ग्लिसरॉल फॉस्फेट शटल धरली तर ३०.

आता नीटचे. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात ३८ दिले आहे आणि हा हिशेब कोणत्या चार गृहीतकांवर उभा आहे तेही तिथेच लिहिले आहे. ती गृहीतके वाचाच, त्यांवर प्रश्न येऊ शकतो. प्रश्नात वेगळे काही सुचवलेले नसेल तर ३८ हा पर्याय निवडा. बीएस्सीला गेल्यावर नव्या पाठ्यपुस्तकांत ३० ते ३२ दिसेल, तेव्हा ते लिहा. परीक्षेपुरते बरोबर आणि आजच्या ज्ञानाप्रमाणे बरोबर ही दोन उत्तरे कधी कधी वेगळी असतात. दोन्ही माहीत असणे हा गोंधळ नव्हे. गोंधळ होतो तो नुसता आकडा सांगून मोकळ्या होणाऱ्या वेबसाइटमुळे. जिथे फोड दिलेली नाही, ते पान ना परीक्षेच्या कामाचे ना अभ्यासाच्या.

याच पत्रातला दुसरा मुद्दा, टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफचा. एनसीईआरटीची पुस्तके तिच्या अधिकृत संकेतस्थळावर प्रकरणवार फुकट मिळतात. तिथूनच उतरवून घ्या. २०२२ च्या कपातीत बारावीतले ‘रिप्रॉडक्शन इन ऑर्गॅनिझम्स’ हे पहिलेच प्रकरण गेले आणि पुढचे सगळे क्रमांक सरकले. ‘मॉलिक्युलर बेसिस ऑफ इनहेरिटन्स’ पूर्वी सहावे होते, ते आता पाचवे आहे. नोट्समध्ये ते सहावे म्हणून आले असेल तर त्या कपातीआधीच्या आहेत, हे लगेच ओळखता येते. मात्र नीटचा अभ्यासक्रम आणि एनसीईआरटीचे कापलेले पुस्तक तंतोतंत सारखे नाहीत. नॅशनल मेडिकल कमिशनने जाहीर केलेला अभ्यासक्रम शेजारी ठेवून एकेका मुद्द्यावर खूण करा. एमएचटी-सीईटी देणाऱ्यांनी बालभारतीचे पुस्तक धरावे. तेही बालभारतीच्या ई-ग्रंथालयात फुकट आहे.

प्रश्न : एखादा यूट्यूब चॅनेल किंवा वेबसाइट भरवशाची आहे का, हे पाच मिनिटांत कळू शकते का? (अकरावी, अकोला)

पक्के कळत नाही, पण कच्ची चाळणी लावता येते. ज्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे असे काहीतरी तिथे शोधा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा ‘नकाशा’ दिसला तर सावध व्हा. चवीच्या कलिका जिभेवर जिथे जिथे आहेत तिथे सगळ्याच चवी कळतात. १९०१ मधल्या एका जर्मन प्रबंधाचा पुढे चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो नकाशा पुस्तकापुस्तकांतून पसरला. शिरांमधले रक्त निळे असते असे सांगितले तर तेही चूक. ते गडद लाल असते, निळा रंग आकृतीच्या सोयीसाठी असतो. शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात, हा दावा २०१६ च्या फेरमोजणीनंतर टिकलेला नाही. दोन्हींची संख्या साधारण बरोबरीची निघाली. अशा तिन्ही ठिकाणी घसरणाऱ्याकडून जनुकशास्त्र शिकू नये.

नावाच्या शेपटाबद्दलही पत्रात विचारले आहे. पत्त्याच्या शेवटी ‘एसी डॉट इन’ किंवा ‘गव्ह डॉट इन’ कोणालाही मिळत नाही, पण ‘ओआरजी’ पैसे भरून कोणीही घेऊ शकतो. त्यामुळे ‘ओआरजी’ पाहून भरवसा ठेवू नका.

प्रश्न : हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी) बाभळीचे शास्त्रीय नाव शोधले. एका ठिकाणी ‘अकेशिया निलोटिका’, दुसऱ्या ठिकाणी ‘व्हॅचेलिया निलोटिका’. सरांनी पहिले सांगितले आहे. शीटवर काय लिहू? (बीएस्सी वनस्पतिशास्त्र, रत्नागिरी)

आजचे मान्य नाव ‘व्हॅचेलिया निलोटिका’. सरांनी सांगितलेले चूक नाही, ते जुने नाव आहे. आपल्याकडच्या जवळजवळ सगळ्या जुन्या ग्रंथांत तेच सापडेल.

कारण समजून घेण्यासारखे आहे. अकेशिया या मोठ्या प्रजातीचे तुकडे करायचे ठरले, तेव्हा मूळ नाव कोणत्या गटाकडे राहणार हा प्रश्न आला. नियमाने ते बाभळीच्या गटाकडे राहायला हवे होते, कारण त्या प्रजातीचा नमुना, म्हणजे प्रजातीचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जात, बाभूळच होती. पण ऑस्ट्रेलियातल्या जाती संख्येने फार मोठ्या. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत नमुना बदलून नाव ऑस्ट्रेलियन गटाला दिले गेले आणि २०११ मध्ये मेलबर्नला ते कायम झाले. म्हणून आपली बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर ‘सेनेगॅलिया कटेचू’ झाला आणि कोकणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ‘अकेशिया ऑरिक्युलिफॉर्मिस’ राहिली.

नाव तपासायला लंडनच्या क्यू वनस्पतिउद्यानाचे ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ वापरा. जुने नाव टाकले की ते कोणत्या नावाचे समानार्थी आहे ते दिसते. ‘द प्लांट लिस्ट’ ही वेबसाइट शोधात अजूनही वर येते, पण ती २०१३ नंतर बदललेली नाही, म्हणून तिथला ‘मान्य’ हा शेरा आज धरू नये. शीटवर मान्य नाव लिहा, ते नाव देणाऱ्या शास्त्रज्ञांच्या संक्षिप्त नावांसह, आणि खाली समानार्थी म्हणून ‘अकेशिया निलोटिका’ लिहा. म्हणजे सरांनाही जुळवता येईल. संदर्भ शोधताना मात्र दोन्ही नावांनी शोधा. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ (१९०१ ते १९०८) बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत फुकट वाचता येतो. त्यात नव्या नावाने काहीच सापडणार नाही. टाकळा शोधतानाही तसेच: आज ‘सेना टोरा’, जुन्या पुस्तकांत ‘कॅसिया टोरा’.

झाड ओळखण्यासाठी आयनॅचरलिस्ट (लोकांनी टाकलेल्या नोंदी एकमेकांनी ओळखण्याचे संकेतस्थळ) वापरत असाल तर ‘रिसर्च ग्रेड’ या शिक्क्याचा अर्थ माहीत असू द्या. नोंदीला फोटो, तारीख आणि ठिकाण असावे, झाड रानातले असावे आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे जातीवर एकमत व्हावे, एवढेच त्यात असते. दोघांचे एकमतही पुरते. वर्गातल्या मित्राने तुमची नोंद न तपासता ‘सहमत’ दाबले तरी शिक्का मिळतो, आणि ती चूक पुढे जागतिक विदासंचात जाते. तेव्हा ओळख पटलेली नसेल तर सहमती देऊ नका. फोटो एक पुरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, फूल जवळून, शेंग किंवा फळ, साल आणि पूर्ण झाड असे वेगवेगळे फोटो काढा. बाभळीत मण्यांच्या माळेसारखी शेंग दिसली की अर्धे काम होते. महाविद्यालयाच्या आवारात लावलेला गुलमोहर ‘लागवडीचा’ म्हणूनच नोंदवा.

प्रश्न : प्रकल्पासाठी एआय चॅटबॉटकडून दहा संदर्भ घेतले. मार्गदर्शक म्हणाल्या की यातले काही अस्तित्वातच नाहीत. पण लेखक, नियतकालिक, वर्ष, पाने, सगळे व्यवस्थित दिले होते! (बीएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र, नाशिक)

व्यवस्थित दिसणे हाच त्यातला धोका आहे. अशी साधने संदर्भाचा साचा उत्तम जुळवतात. त्या साच्यातला लेख खरोखर आहे का हे त्यांनी पाहिलेलेच असते असे नाही. बनावट संदर्भात लेखक खरा असतो, नियतकालिकही खरे असते, फक्त लेख नसतो.

तपासायला प्रत्येकी दोन मिनिटे लागतात. संदर्भातला डीओआय, म्हणजे ‘१०.’ ने सुरू होणारा क्रमांक, डीओआय डॉट ओआरजी या पत्त्यावर टाका. काही वेळा क्रमांक सापडतच नाही. काही वेळा सापडतो, पण भलताच लेख उघडतो. हे जास्त वेळा नजरेतून सुटते, म्हणून शीर्षक शब्दशः जुळवा. डीओआय नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलर आणि पबमेडमध्ये (वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय लेखांच्या सूचीत) शोधा. दोन्हीकडे नाही, तर नियतकालिकाच्या संकेतस्थळावर त्या खंडाचा तो अंक उघडा आणि ती पाने कोणत्या लेखाची आहेत ते पाहा. तिथेही नसेल तर संदर्भ काढून टाका.

लेख सापडला तरी काम संपले नाही. तुम्ही लिहिलेले वाक्य त्या लेखात आहे का ते पाहा. निदान सारांश आणि निष्कर्ष वाचा; प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, किती जणांवर, हे टिपून ठेवा. पबमेडमध्ये बहुधा सारांशच असतो, पूर्ण लेख पबमेड सेंट्रलमध्ये असतो. डावीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’ ही चाळणी लावली की वाचता येणारेच लेख उरतात. लेख पैसे मागत असेल तर सरकारी महाविद्यालय किंवा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारावे. २०२५ पासून या योजनेतून सरकारी संस्थांना तेरा हजारांवर नियतकालिके खुली झाली आहेत. तेही जमले नाही तर लेखकाला दोन ओळींची विनम्र ईमेल करा. पुष्कळ संशोधक प्रत पाठवतात.

शेवटची पाहणी मागे घेतलेल्या लेखांची. लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८ चा लेख २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी त्याच्या जुन्या प्रती आजही फिरतात. पबमेडच्या पानावर मागे घेतल्याची ठळक सूचना असते. पूर्वी उतरवून ठेवलेल्या पीडीएफवर ती उमटत नाही. म्हणून प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक संदर्भाचे पान एकदा नव्याने उघडा. बायोआर्काइव्ह या प्रसिद्धीपूर्व लेखांच्या संकेतस्थळावरचा लेख असेल तर त्याचा पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांकडून तपासणी) झालेला नसतो, तसे संदर्भात स्पष्ट लिहा.

प्रश्न : सिकलसेलमधला बदल पुस्तकात सहाव्या अमिनो आम्लावर दाखवला आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसमध्ये तो सातव्यावर दिसतो. डेटाबेसमध्ये चूक असू शकते का? (एमएस्सी जैवतंत्रज्ञान, नागपूर)

डेटाबेसमध्ये चुका असतात, पण ही चूक नाही. युनिप्रॉटमधली ‘पी ६८८७१’ ही हिमोग्लोबिनच्या बीटा ग्लोबिन साखळीची नोंद उघडून क्रम वाचा: मेथिओनिन, व्हॅलीन, हिस्टिडीन, ल्युसीन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. बोटावर मोजा, ग्लुटामिक आम्ल सातवे आले. पण सुरुवातीचे मेथिओनिन नंतर काढून टाकले जाते आणि रक्तातल्या तयार बीटा ग्लोबिनची सुरुवात व्हॅलीनपासून होते. तिथून मोजले की तेच सहावे. युनिप्रॉट १४७ अमिनो आम्लांची पूर्ण साखळी दाखवते, पुस्तक १४६ ची. व्हर्नन इनग्रॅम यांनी हा बदल १९५६-५७ मध्ये तयार प्रथिनावर ओळखला होता, डीएनएचा क्रम वाचता येण्याच्या कितीतरी आधी. त्यामुळे सहावा हा क्रमांक रूढ झाला. जनुकीय अहवालात आजच्या नियमाप्रमाणे सातवा लिहितात आणि डीएनएवर विसाव्या जागी ‘ए’ चा ‘टी’ असे नोंदवतात. जीएजी चा जीटीजी होतो, आणि सातव्या कोडॉनचे मधले अक्षर म्हणजे विसावे, हे जुळते. गडचिरोली किंवा नंदुरबारकडच्या आकडेवारीवर प्रकल्प करताना जुने लेख आणि नवे अहवाल शेजारी ठेवले की हा घोटाळा हमखास होतो. कोणती मोजणी वापरली ते पहिल्याच पानावर लिहा.

भरवशाचे म्हणाल, तर युनिप्रॉटमध्ये नोंद ‘रिव्ह्यूड’ आहे का पाहा. ती माणसांनी तपासलेली असते. बाकीच्या कोट्यवधी नोंदी संगणकाने आपोआप लिहिलेल्या आहेत. एनसीबीआयच्या रेफसेक या जनुकक्रमांच्या संदर्भसंचात ‘एनएम’ ने सुरू होणारा क्रमांक प्रत्यक्ष पुराव्याच्या आधारावरचा, ‘एक्सएम’ ने सुरू होणारा संगणकाच्या अंदाजावरचा. प्रायमर (पीसीआरसाठी लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) बनवताना ‘एक्सएम’ घेतला तर पीसीआरमध्ये पट्टा न दिसण्याचे ते एक कारण असू शकते.

प्रश्न : एका नियतकालिकाने ‘यूजीसी-केअर मान्यताप्राप्त, तीन दिवसांत प्रसिद्धी’ असा संदेश पाठवला आहे. त्यातले लेख संदर्भाला चालतील का? (एमएस्सी, कोल्हापूर)

नको. केअर यादीचे, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांच्या यादीचे, काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चाले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती यादी बंद केली. आज तिच्या नावावर जाहिरात करणारा एकतर बेसावध आहे किंवा फसवतो आहे. तीन दिवसांत पीअर रिव्ह्यू होत नाही. एकाच अंकात वनस्पतींच्या श्वसनावर आणि बँकांच्या थकीत कर्जांवर लेख असतील तर पुढे वाचायची गरज नाही. इतर नियतकालिकांसाठी, त्याने सांगितलेला प्रत्येक दावा त्याच्या संकेतस्थळावर नव्हे, तर मूळ ठिकाणी तपासा: खुल्या नियतकालिकांसाठी डीओएजे, मेडलाइन या वैद्यकीय सूचीसाठी एनएलएम कॅटलॉग.

प्रश्न : दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. आता सगळे इंग्रजीत आहे. मराठीत भरवशाचे काही मिळेल का? (अकरावी विज्ञान, बीड)

मिळेल, आणि ते जरूर वापरा. आधी आपल्या भाषेत कल्पना पक्की झाली की इंग्रजी पान अर्ध्या वेळात उलगडते.

सुरुवात बालभारतीच्या नववी-दहावीच्या विज्ञान पुस्तकांपासून करा. तेच प्रकरण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही आवृत्त्यांत उतरवून घ्या आणि परिच्छेदाला परिच्छेद लावून वाचा. ‘सूत्री विभाजन’ समोर मायटोसिस, ‘अर्धगुणसूत्री विभाजन’ समोर मायोसिस, असा तुमचाच शब्दसंग्रह आठवड्याभरात तयार होतो. पुढे मराठी विश्वकोश ऑनलाइन वाचा. त्याचे छापील खंड १९७० च्या दशकापासून निघाले, त्यामुळे रचना आणि कार्य समजून घ्यायला जुनी नोंदही उत्तम, पण वर्गीकरण आणि जनुकशास्त्र यांसाठी कुमार विश्वकोश आणि ज्ञानमंडळांच्या नव्या नोंदी पाहा. विश्वकोशात शोधताना एक अडचण येते. शाळेच्या पुस्तकातली ‘पेशी’ तिथे ‘कोशिका’ म्हणून येते आणि ‘जनुक’ हा ‘जीन’ म्हणून. एका शब्दाने सापडले नाही तर दुसऱ्याने शोधा.

हिंदी व्हिडिओ पाहणाऱ्यांनी तर फारच जपावे. हिंदीत ‘कोशिका’ म्हणजे आपली पेशी, आणि ‘पेशी’ म्हणजे आपला स्नायू. हिंदीतला ‘स्नायु’ म्हणजे लिगामेंट, आपला अस्थिबंध. तिन्ही शब्द ओळखीचे वाटतात आणि तिन्ही वेगळ्याच गोष्टीकडे नेतात. वहीच्या पहिल्या पानावर चार रकाने आखा: मराठी, विश्वकोशातला शब्द, हिंदी, इंग्रजी. पहिली ओळ पेशीची लिहा, दुसरी स्नायूची.